आमचे हात स्वस्त आहेत, आमचा कापूस नाही

मा. ना. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस,



आपण खामगावचे आमदार आणि डिसेंबर 2024 पासून राज्याचे कामगार मंत्री. आपले वडील दिवंगत भाऊसाहेब फुंडकर राज्याचे कृषिमंत्री होते. शेतमालाचा भाव आणि मजुराची मजुरी हे दोन्ही विषय एकाच घराने मंत्रालयात सांभाळावेत, असा योग फार थोड्या घरांच्या वाट्याला येतो. म्हणून हे पत्र दिल्लीतल्या एखाद्या मंत्र्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. मी खामगाव तालुक्यात कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीन घेतो. वेचणीला बायका लावतो, त्यांची मजुरी देतो. मजुरी वाढली की ती माझ्या खिशातून जाते. तरीही मजुरी वाढली पाहिजे, आणि ती वाढल्याने आपला माल जगाच्या बाजारातून बाहेर फेकला जाणार नाही, असे मी म्हणतो आहे. कशाच्या आधारावर म्हणतो, ते सविस्तर मांडायचे आहे.

3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील 9 वरून 10 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. तिमाहीतील जादा कामाची कमाल मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर गेली. कामगाराची संमती हवी, जादा तासांचा वाढीव मोबदला द्यायचा, अशा अटी त्यात आहेत, हे मी लक्षात घेतो. इतर काही राज्यांनी असे बदल आधीच केले आहेत, हेही ठाऊक आहे. पण गुंतवणूक यावी, उद्योगांना सोयीचे वातावरण मिळावे, हे कारण जेव्हा सांगितले गेले तेव्हा त्यामागची समजूत स्पष्ट झाली. जगाशी स्पर्धा करायची तर आपले माणूस स्वस्त असले पाहिजे आणि जास्त वेळ उपलब्ध असले पाहिजे, ही ती समजूत. ती किती खरी आहे हे तपासायला आपल्या मतदारसंघातल्या बाजार समितीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

खामगाव हे कापसाचे गाव. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो गाठी वाहून नेण्यासाठीच. म्हणजे जगाचा बाजार आम्हाला काल-परवा कळलेला नाही. दीडशे वर्षे आम्ही त्यात आहोत, आणि त्या सगळ्या काळात आमच्याकडची मजुरी जगातल्या सर्वांत कमी मजुऱ्यांपैकी एक राहिली आहे. एवढ्या स्वस्ताईचे फळ काय मिळाले?

2024-25 च्या हंगामात देशात चाळीस लाख गाठींच्या आसपास कापूस बाहेरून आला. देशातली रुई महाग पडते, ब्राझीलची, ऑस्ट्रेलियाची, अमेरिकेची स्वस्त पडते, अशी सूतगिरण्यांची तक्रार होती. ती ऐकून केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो, दुसरा त्यानंतर. म्हणजे नेमका माल घरात येण्याच्या दिवसांत दार उघडे होते. शुल्काबद्दल मला तक्रार आहेच, पण आज मुद्दा दुसरा आहे. ज्या देशांत शेतमजुराला आमच्या कितीतरी पट मजुरी मिळते, त्या देशांचा कापूस समुद्र ओलांडून येऊन आमच्या कापसापेक्षा स्वस्त पडतो. स्वस्त मजुरी हीच जर आपली ताकद असती, तर हे घडले नसते.

हिशेब मांडून पाहू. आमच्याकडे वेचणी किलोवर असते. दर सरसकट दहा रुपये किलो धरू. शेवटच्या वेच्याला, बोंडे लहान आणि विरळ झाली की, बारा-पंधराही द्यावे लागतात. कमरेला ओटी बांधून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून वेचणारी बाई तीस ते चाळीस किलो वेचते. साडेतीनशे रुपये धरा, आठ तास मोजले तर तासाला चव्वेचाळीस. अमेरिकेत शेतावर काम करणाऱ्याला 2024 मध्ये सरासरी ताशी 18 डॉलरच्या वर मिळत होते. आजच्या विनिमय दराने सोळाशे रुपयांहून अधिक. पस्तीस पटींहून जास्त मजुरी.

आता तिकडचा माणूस काय करतो ते पाहा. तो सहा ओळींच्या वेचणी यंत्रावर बसतो आणि दिवसात पन्नास एकर सहज उरकतो. एकरी दहा क्विंटलने पाचशे क्विंटल कापूस झाला. चालकाच्या जोडीला गठ्ठे हलवणारी आणखी दोन माणसे धरली, तिघांना बारा-बारा तासांची मजुरी दिली, तरी साठ हजार रुपयांच्या आत काम होते. हाच पाचशे क्विंटल कापूस माझ्या भागात वेचायचा तर चौदाशे बायकांचे दिवस लागतील आणि मजुरी पाच लाख होईल. किलोमागे तिकडे मजुरी सव्वा रुपया, इकडे दहा. ते यंत्र दहा लाख डॉलरच्या घरातले आहे. त्याचे व्याज, डिझेल, दुरुस्ती धरली की तिकडचा खर्चही बराच वर जातो, हे खरे. पण मजुरी नावाचा खर्च तिथे जवळजवळ उरलेलाच नाही. आणि आम्ही ज्या एका गोष्टीच्या स्वस्ताईवर जगाशी झुंजायला निघालो आहोत, ती गोष्ट किलोवर मोजली तर आमच्याकडेच आठपट महाग आहे.

मंत्रीसाहेब, देशांच्या स्पर्धेत मजुरी किती दिली याला एकट्याने अर्थ नसतो. दिलेल्या मजुरीत माल किती निघाला यावर खर्च ठरतो. मजुरी दुप्पट झाली आणि माल तिप्पट निघाला, तर माल स्वस्तच होतो. मजुरी गोठवून ठेवली आणि माल आहे तेवढाच राहिला, तर शेजारचा पुढे निघून जातो.

वेचणी हा एक भाग झाला. खरा फटका एकरी उताऱ्यात आहे. नांगरणी, वखरणी, लावण, निंदण, फवारणी ही सगळी मजुरी एकरावर जाते. आमच्या कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकते. देशाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घोटाळते आहे, ब्राझीलची तिच्या चौपट आहे. एकाच निंदणीचा खर्च आम्ही चार क्विंटलवर वाटतो, ते सोळा-अठरा क्विंटलवर वाटतात. या फरकात मजुराचा काहीही दोष नाही. पऱ्हाटीला फुले-पात्या लागण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि देण्यासाठी पाणी नसते, हा दोष आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, हा दोष आहे. नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प दशकानुदशके पूर्ण होत नाही, हा दोष आहे. गुलाबी बोंडअळीने बीटी बियाण्याला निष्प्रभ केल्याला वर्षे लोटली आणि त्यापुढचे काही शेतकऱ्याच्या हातात आले नाही, हाही दोष आहे. यातली एकही गोष्ट वेचणाऱ्या बाईची मजुरी कमी ठेवून भरून निघत नाही. आजवर आपण नेमका तोच प्रयत्न करत आलो.

हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही, आणि इथे मला थोडे मागे जावेसे वाटते. 1870 च्या दशकात मुंबईच्या गिरण्या वाढल्या तेव्हा मँचेस्टरचे गिरणीमालक अस्वस्थ झाले. मुंबईत मजूर स्वस्त, कामाच्या तासांना धरबंध नाही, म्हणून हिंदुस्थानात कारखाने कायदा करा, असा दबाव त्यांनी विलायतेतल्या सरकारवर आणला. त्यात कामगाराच्या कळवळ्यापेक्षा स्वतःच्या कापडाची काळजी अधिक होती. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनी त्या कायद्याला विरोध केला. त्या गदारोळात जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे कामगाराच्या बाजूने उभे राहिले. 1884 साली त्यांनी सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. सुट्टी दिली तर मुंबईचा धंदा बुडेल, ही भीती तेव्हाही घातली जात होती. सुट्टी मिळाली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मुंबईचा गिरणीधंदा वाढतच गेला.

त्याच काळातला आणखी एक पुरावा आहे. ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात 1910 च्या सुमाराच्या जगभरच्या कापड गिरण्यांची तुलना केली. यंत्रे बहुतेक ठिकाणी सारखीच, बरीचशी इंग्लंडमध्येच बनलेली. तरी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक कामगार हिंदुस्थानातल्या जवळजवळ सहा कामगारांइतके काम उरकत होता. आपल्या कामगाराची मजुरी तिथल्या मजुरीच्या फार थोड्या हिश्शाइतकी होती, पण तो फायदा गिरणीच्या दारातच विरून जात होता. या फरकाचे कारण काय, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. उपाशी, आजारी, खुराड्यात राहणारा, कधीही काढून टाकला जाऊ शकणारा माणूस आठ माग कशाला सांभाळेल, असे माझे मत आहे. मालकालाही चार स्वस्त माणसे ठेवणे सोपे वाटते तोवर तो एका माणसाला शिकवण्याच्या फंदात पडत नाही. मजुरी स्वस्त राहिली म्हणून कामाची पद्धत सुधारली नाही, आणि पद्धत सुधारली नाही म्हणून मजुरी वाढली नाही. वऱ्हाडच्या शेतीत हा फेरा आजही तसाच फिरतो आहे.

कपडे शिवण्याच्या धंद्यात मजुरीला महत्त्व आहे, हे मी नाकारत नाही. शिलाई हे हातांचे काम आहे. चीनमधली मजुरी वाढत गेली तसा तिथला काही धंदा बांगलादेशाकडे आणि व्हिएतनामकडे सरकला, हे उघड आहे. कापूस जवळजवळ पिकवत नसलेला बांगलादेश तयार कपड्यांच्या निर्यातीत आपल्या दुपटीच्या पुढे गेला. तिथे तयार कपड्यांच्या कारखान्यांतले किमान वेतन डिसेंबर 2023 पासून महिना 12,500 टका आहे. पण मग व्हिएतनाम? तिथल्या शहरी विभागाचे किमान वेतन जुलै 2024 पासून महिना 49 लाख 60 हजार डोंग झाले, म्हणजे डॉलरमध्ये बांगलादेशच्या कितीतरी वर. तरी कपड्यांच्या निर्यातीत व्हिएतनाम त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. बंदरे जवळ, वीज भरवशाची, कारखाने मोठे, करार वेळेवर केलेले. बांगलादेशलाही युरोपात शुल्कमाफी मिळत आली, तिचा वाटा त्याच्या मजुरीच्या वाट्याहून लहान नाही. आणि 27 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला, बांगलादेश आणि व्हिएतनामवर तो 20 टक्के होता, तेव्हा एका सहीने जो फरक पडला तो तिरुप्पूरच्या कामगाराने फुकट काम केले असते तरी भरून निघाला नसता.

आपल्याकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. त्याची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. शेतातल्या कापसापासून कपड्यापर्यंत सगळे एका जागी, ही कल्पना मला मनापासून पटते. आमच्या पोरी वेचणी सोडून तिथे गेल्या तर मला आनंदच होईल. पण तिथे येणाऱ्या कारखानदाराला आपण पहिले आश्वासन कशाचे देणार? बारा तासांच्या पाळीचे, की खामगाव-जालना रेल्वेचे? तो लोहमार्ग ही पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी आहे. गाठ ट्रकवर घालून लांबच्या बंदराला पाठवताना जे भाडे लागते, ते मजुरीतल्या बचतीतून वसूल करायचे ठरवले तर मजुराच्या ताटात काही उरणार नाही.

आता एक हिशेब रुपया-डॉलरचा. 2014-15 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 168 रुपये होती. 2025-26 मध्ये ती 312 रुपये झाली. आमच्याकडे कुणीही म्हणेल, मजुरी दुपटीच्या जवळ गेली. पण तेव्हा डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर 2025 मध्ये तो नव्वदीपार गेला. डॉलरमध्ये मोजले तर ती मजुरी पावणेतीन डॉलरवरून साडेतीन डॉलरच्या आतबाहेर आली, अकरा वर्षांत पाऊण डॉलरही वाढली नाही. परदेशातल्या खरेदीदाराच्या दृष्टीने आमचा मजूर महाग झालेलाच नाही. दरम्यान तेल, डाळ, औषध, मुलाच्या शिकवणीची फी मात्र त्याला रुपयांत वाढत्या भावाने भरावी लागली. मजुरी वाढल्यामुळे देशाची निर्यात अडते, हे कुणी आपल्याला मंत्रालयात सांगितले तर हे दोन आकडे त्यांच्यासमोर ठेवावेत, अशी विनंती आहे.

आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक जागा दाखवतो. तिथे स्वस्त हात खरोखरच जगाच्या बाजारात विकले जातात. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत, जालन्याच्या बियाणे उद्योगाच्या सावलीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडनेट उभी आहेत. त्यांत टोमॅटो, मिरची, ढोबळी, काकडी यांचे संकरित बियाणे तयार होते. बड्या देशी-परदेशी कंपन्या शेतकऱ्याला नर-मादीचे बियाणे देतात, किलोचा भाव आधी ठरवतात आणि माल परत घेतात. टोमॅटो-मिरचीचे काम असे: उमलण्याच्या आधी कळी हेरायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर इजा न होऊ देता काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला नराचे परागकण लावायचे, खूण करून ठेवायची. गावात याला क्रॉसिंग म्हणतात. जाळीखालच्या उकाड्यात शेकडो फुले, रोज, महिना-दीड महिना. एक कळी चुकून सुटली, आपोआप फलली, तर बियाण्यात भेसळ होते, शुद्धतेच्या चाचणीत लॉट नापास होतो आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडतो.

हे काम बहुतांशी बायका आणि तरुण मुली करतात. ते युरोप-अमेरिकेत फारसे होत नाही, कारण तिथे इतक्या तासांची मजुरी बियाण्याला परवडणार नाही. ते इथे येते, किंवा चीनमध्ये, थायलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये जाते. म्हणजे इथे आमची स्पर्धा आहेच, आणि ती मजुरीवर आहे. तरीही मी म्हणेन की ही स्पर्धा सर्वांत स्वस्त हाताने जिंकली जात नाही. ज्या गावातल्या बायकांचा हात बसला आहे, तिथे कंपनी टिकते. जिथे लॉट नापास होतात, तिथून ती निघून जाते. बियाण्याची शुद्धता ही त्या बोटांची कारागिरी आहे. तिला हजेरीच्या वहीत साधी शेतमजुरी म्हणून लिहिणे हा अन्याय तर आहेच, शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही चूक आहे. कसबाला किंमत नसेल तर पोरगी ते शिकून गावात थांबेल कशाला? किलोचा भाव कंपनी आधीच बांधून देते. मजुरी वाढली की ओढाताण शेतकरी आणि मजूर यांच्यात होते, आणि ज्याच्या ताळेबंदात नफा आहे तो दूर उभा राहतो.

इथे मला शेतकऱ्याच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण तो मीच आहे. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे. वेचणीलाच हजार-बाराशे जातात. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याने हमीभावापेक्षा हजार रुपये कमी दिले, वर कट्टी कापली, तर वेचणारीला किलोमागे दोन-तीन रुपये जास्त द्यायचे कुठून? मजूर महाग झाला म्हणून शेती परवडत नाही, हे वाक्य आमच्या पारावर रोज ऐकू येते. ते खोटे नाही. पण ज्या क्विंटलमागे दोनशे-तीनशे रुपयांची मजुरीवाढ जड वाटते, त्याच क्विंटलमागे हजार रुपये भावात जातात. भावात गेलेल्या हजारासाठी सरकारच्या दारात उभे राहणे अवघड वाटते, म्हणून सगळा राग समोर वाकून काम करणाऱ्या बाईवर निघतो. तिची हजेरी आधीच पुरुषापेक्षा कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. आमच्या शिवारात तो अजून पोचलेला नाही.

यंत्राबद्दलही बोलले पाहिजे. मी यंत्राच्या विरोधात नाही. अकोल्याच्या शेतकऱ्यांनी सघन लागवडीचा जो रस्ता दाखवला, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ ज्या वाणांवर काम करतात, त्याची दिशा ठीक आहे: झाड आटोपशीर, बोंडे एकदम फुटणारी, वेचे कमी. पण यंत्र आले की शिवारातल्या शेकडो बायकांचे तीन महिन्यांचे पैसे जातील. त्या पैशांवर घरचा किराणा, पोरांच्या वह्या, सासऱ्याचे औषध चालते. लहान वेचणी यंत्रे बचत गटांच्या नावावर घेऊन दिली, वेचणाऱ्या बायकांनाच ती चालवायला शिकवली, तर तासाला चार-पाच किलोच्या जागी कितीतरी जास्त निघेल आणि किलोचा दर उतरूनही बाईच्या पदरात जास्त पडेल. शेतकऱ्याचा खर्चही कमी होईल. मजुरी वाढून माल स्वस्त होण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. शेतमजुरासह प्रत्येकाला किमान वेतनाचा हक्क तिने दिला आहे. केंद्र जी तळरेषा ठरवेल तिच्या खाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. दिवसाला 178 रुपयांची जी जुनी राष्ट्रीय तळरेषा होती, तिला कायद्याचे बळही नव्हते आणि तिच्यात दोन वेळचे जेवणही नीट होत नव्हते. आता राज्यांनी एकमेकांपेक्षा स्वस्त होण्याची शर्यत लावण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्राने तर लावूच नये. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी याच राज्यात उभी केली, ती पुढे देशाने घेतली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने तिच्या जागी जो नवा कायदा केला, त्यात पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी ती आहे, असे सांगितले जाते. मला ती सोय नको. वेचणीच्या दिवसांतच मजुराच्या शब्दाला थोडे वजन येते; ते वजन काढून घेऊन माझी शेती नफ्यात येणार नाही. महाराष्ट्राने त्या दिवसांत कामे बंद ठेवू नयेत, हे आपण मंत्रिमंडळात मांडावे.

आपल्या खात्याच्या हातातल्या गोष्टींबद्दल माझे मागणे असे आहे. वेतन संहितेखाली राज्याचे दर ठरवताना कापूस वेचणीचा किलोमागचा किमान दर स्वतंत्रपणे जाहीर व्हावा, आणि तो बाई-पुरुष असा भेद न करता सगळ्यांना सारखा असावा. आठ तासांत सरासरी बाई जेवढे वेचू शकते तेवढ्यात तिची किमान रोजंदारी निघाली पाहिजे, असा हिशेब करून तो ठरवावा. बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या महिलांना कुशल कामगाराच्या वर्गात घालावे, आणि तो दर देण्याची जबाबदारी किलोचा भाव बांधणाऱ्या कंपनीवरही टाकावी. शेडनेटमालक शेतकऱ्याला एकट्याने ती पेलणार नाही. बारा तासांच्या पाळीचा निर्णय पुन्हा विचारात घ्यावा. तो मागे घेता येत नसेल, तर जिथे ही सवलत वापरली जाते तिथे जादा तासांचा मोबदला खरोखर मिळतो का, हे तपासायला पुरेसे अधिकारी जिल्ह्यात असावेत. आणि केंद्राकडे शब्द टाकावा की वेचणीच्या महिन्यांत कापसाचे आयात शुल्क उठवू नये, तसेच भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी केंद्रे दिवाळीआधी सुरू व्हावीत. मजुरीचा दर आणि कापसाचा भाव एकत्र हलले नाहीत, तर आपण शेतकरी आणि मजूर यांना एकमेकांसमोर उभे करून मोकळे होऊ.

यातले सगळे एका हंगामात होणार नाही, याची मला जाणीव आहे. वेचणीच्या दराचा मसुदा मात्र लवकर होऊ शकतो. तो करण्याआधी आपण खामगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि देऊळगाव राजा इथे वेचणाऱ्या आणि क्रॉसिंग करणाऱ्या बायकांची एकेक बैठक घ्यावी. बैठक तहसील कार्यालयात न घेता गावात, संध्याकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे त्यांची हजेरी बुडणार नाही. आमच्या गावातल्या बैठकीची जागा आणि बसायची व्यवस्था मी करतो. तारीख आपल्या कार्यालयाने कळवावी.

आपला विश्वासू,
खामगाव तालुक्यातील एक कापूस उत्पादक